लढ्याचे गाणे कोणाच्या तोंडी?

कवितेने राजकारणात पडू नये, असे आपल्याकडे पुष्कळदा सांगितले जाते. आणि राजकारणात पडलेली माणसे कवितेला सभेपूर्वी गर्दी जमेपर्यंत वाजवायच्या ढोलकीपलीकडे किंमत देत नाहीत. ही दोन्ही मते ऐकून ऐकून इतकी गुळगुळीत झाली आहेत, की ती एकदा तपासून पाहावीत असे कोणाला वाटत नाही. प्रस्तुत लेखात ती तपासण्याचा माझा प्रयत्न आहे. ज्यांची जमीन, जंगल किंवा खाडी दुसऱ्या कोणाच्या तरी योजनेत गेली, अशा मूळ रहिवाशांच्या लढ्यांत काव्याने नेमके काय काम केले, एवढाच मर्यादित प्रश्न मी घेतला आहे.

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचला नाही. मी उलव्याची. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी पनवेल तालुक्यातील जी दहा गावे उठली, त्यांत उलवे होते. तसेच तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली, कोपर, कोल्ही, चिंचपाडा हीही होती. उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडून सपाट केली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. १८ फेब्रुवारी २०१८ रोजी विमानतळाची पायाभरणी झाली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन. आज ‘उलवे’ म्हटले की लोकांना उंच इमारतींची वसाहत, खारकोपर आणि बामणडोंगरी ही स्थानके आणि अटल सेतू आठवतो. नाव राहिले, पण ते नाव ज्याचे होते तो गाव त्या जागी राहिला नाही. नाव आणि जागा यांची अशी फारकत झाली की माणसाजवळ काय उरते, हे पाहताना मी लढ्यांच्या गाण्यांकडे वळले.

कागद आणि गाणे

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जमिनीचा लढा हा आधी शब्दांचा लढा असतो. शासनाच्या दप्तरात माणूस ‘खातेदार’ असतो. त्याच्या जमिनीची अधिसूचना निघाली की तो ‘बाधित’ होतो, गाव उठला की ‘प्रकल्पग्रस्त’ होतो, आणि भूखंड मिळण्याची वेळ आली की ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतो. यांतला एकही शब्द त्याने स्वतःसाठी निवडलेला नाही. शिवाय हे शब्द फक्त मोजता येते तेवढेच सांगतात. खाडीकाठच्या खारभूमीचेच उदाहरण घ्या. समुद्राचे पाणी अडवणारा बांध, पावसाचे पाणी बाहेर सोडणारी उघाडी, बांधाला खांड पडली की रात्री-अपरात्री सगळ्या गावाने चिखल घेऊन धावणे, पावसाळ्यात भात, पुढे वालाचा शेंगोळा, खाडीत जिताडा आणि चिंबोरी, बाजूला मिठागर: हे सगळे मिळून एक जगणे होते. सातबाऱ्यावर त्याचे होते ते क्षेत्र, आकार आणि पीक. बांधावर सामाईक राबलेल्या रात्रीसाठी त्या उताऱ्यात रकाना नाही.

काव्याचे पहिले काम येथे सुरू होते. कागदावर रकाना नसलेल्या गोष्टींना ते जागा देते. ही केवळ भावनेची बाब नाही. ज्या गोष्टीला नाव नाही तिची भरपाई मागता येत नाही, तिच्यासाठी भांडताही येत नाही.

माझ्या घरातले एक साधे उदाहरण देते. आमच्या आगरी लग्नांत धवलारीण असते. हळदीपासून वरातीपर्यंतचे विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतात. गाण्यांतून ती देवांना नाव घेऊन लग्नाचे आवतण देते. गाव उठणार हे नक्की झाल्यानंतरच्या एका लग्नात माझ्या आजीने देवांच्या मागोमाग शेतांनाही आवतण दिले: बांधाखालचे, उघाडीजवळचे, देवळामागचे, आंब्याच्या मुळातले. चाल जुनीच, शब्द मात्र तिचे. मांडवातल्या कोणीही त्याला राजकीय कविता म्हटले नसते, आजीने तर नाहीच. पण संपादनाच्या यादीत ज्यांचे फक्त सर्व्हे नंबर होते, त्यांना तिने पाहुणे केले. माझ्या मते ते राजकीय काव्यच होते.

आपण अभ्यासक्रमात महदंबेचे ‘धवळे’ वाचतो. तेराव्या शतकातल्या या महानुभाव कवयित्रीला मराठीची आद्य कवयित्री मानतात, आणि तिची ती रचना म्हणजे लग्नाचीच गाणी. आमच्या बायांच्या तोंडच्या धवल्याचे त्या शब्दाशी नाते आहे. तेव्हा ज्या गाण्यांना आपण अडाणी बायांची गाणी म्हणून बाजूला ठेवतो, त्यांची वाट मराठी कवितेच्या उगमाजवळून जाते, हे विसरून चालणार नाही.

नाव घेण्याची ताकद

नाव देणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे पाहायला थोडे दूर जाऊ. छोटा नागपूरच्या मुंडा आदिवासींनी १८९९-१९०० साली बिरसा मुंडांच्या नेतृत्वाखाली जमिनीसाठी उठाव केला. बिरसा ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात मरण पावले, उठाव मोडला गेला. इंग्रजांच्या कागदोपत्री तो एक ‘दंगा’ होता. मुंडांनी त्याला ‘उलगुलान’ म्हटले: मोठी खळबळ, सर्वत्र उठलेले वादळ. दंगा मोडून काढता येतो. शब्द मोडता आला नाही. जवळजवळ ९० वर्षांनी, १९९० मध्ये, विदर्भातले गोंड कवी भुजंग मेश्राम यांच्या मराठी कवितासंग्रहाचे नाव आले ‘उलगुलान’. यवतमाळच्या कवीने रांचीकडचा शब्द आपला म्हणून उचलला, तेव्हा वेगवेगळ्या राज्यांत, वेगवेगळ्या भाषा बोलणारे आदिवासी एका शब्दाखाली उभे राहिले. कोणत्याही परिपत्रकाने हे झाले नसते.

ऑस्ट्रेलियातले उदाहरण असेच आहे. तेथील मूळ रहिवाशांपैकी कॅथ वॉकर या बाईंचा ‘वुई आर गोइंग’ हा संग्रह १९६४ साली निघाला. एखाद्या आदिवासी ऑस्ट्रेलियन व्यक्तीचा तो पहिला छापील कवितासंग्रह. १९६७ साली तेथे जे सार्वमत झाले आणि मूळ रहिवाशांची जनगणनेत गणती करण्याचा मार्ग मोकळा झाला, त्याच्या प्रचारात त्या आघाडीवर होत्या. पुढे, गोऱ्यांच्या आगमनाची २०० वर्षे साजरी करण्याच्या निषेधार्थ, त्यांनी इंग्लंडच्या राणीकडून मिळालेला किताब परत केला आणि आपल्या लोकांच्या भाषेतले ‘ऊजरू’ हे नाव घेतले. कवीने आयुष्यभर नावांचे काम केले आणि शेवटी स्वतःचेही नाव परत मिळवले.

आमच्याकडेही असा एक शब्द आहे: ‘भूमिपुत्र’. नवी मुंबईच्या लढ्यात ‘प्रकल्पग्रस्त’ या सरकारी शब्दाच्या जोडीला तो उभा राहिला. ‘ग्रस्त’ म्हणजे ज्याच्यावर काही कोसळले आहे तो. ‘पुत्र’ म्हणजे ज्याचा हक्क आहे तो. एका शब्दाने माणूस दयेच्या जागेवरून हक्काच्या जागेवर येतो. या शब्दाबद्दल मला काही वेगळेही म्हणायचे आहे, ते पुढे येईल.

गाणे हेच वर्तमानपत्र

काव्याचे दुसरे काम वहनाचे. जेथे वाचता येणारे थोडे, तेथे पत्रक वाटून उपयोग नसतो. मराठीत हे फार लवकर ओळखले ते महात्मा फुले यांनी. १८६९ साली त्यांनी शिवाजी महाराजांचा पवाडा लिहिला, तो कुणबी, माळी, महार, मांग यांना उपयोगी पडावा म्हणून. जो छंद गावोगाव लोकांच्या कानांत बसलेला होता, तोच त्यांनी विचारासाठी वापरला. पुढे सत्यशोधकांचे जलसे, आंबेडकरी जलसे, आणि १९४० नंतर अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक ही त्याच वाटेवरची पुढची मुक्कामाची ठिकाणे. शाहीर जेथे पोहोचला तेथे वर्तमानपत्र पोहोचायला अनेक वर्षे लागली.

गाण्याला आणखी एक सोय आहे. छापलेले पत्रक जप्त करता येते. पाठ झालेले गाणे जप्त करता येत नाही. गाणे चालीमुळे लक्षात राहते, धृपदामुळे सगळ्यांना एकत्र म्हणता येते, आणि दर वेळी नवे कडवे जोडता येते. म्हणजे ते कोणा एकाचे राहत नाही. जो म्हणतो त्याचे होते.

आता आपल्या भागाकडे येऊ. उरण तालुक्यातील चिरनेर हे गाव उलव्याहून फार दूर नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी तेथील अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. १८७८ च्या आणि नंतर १९२७ च्या जंगल कायद्याने सरपण, चारा, लाकूड यांवरचा लोकांचा पूर्वापार वापर गुन्हा ठरत होता. ज्या डोंगरातून आपल्या आजा-पणजांनी लाकूड आणले, तेथेच परवानगीवाचून कोयता चालवायचा, असा तो सत्याग्रह. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्या आठांच्या नावांकडे नीट पाहावे. त्यांत पाटील आणि म्हात्रे आहेत, रामा कोळी आहेत, रघुनाथ न्हावी आहेत आणि नाग्या महादू कातकरी आहेत. खाडीकाठचे आणि डोंगरातले, शेतवाले आणि शेत नसलेले, एकाच दिवशी एकाच डोंगरावर पडले. दर वर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरच्या स्मारकापाशी लोक जमतात. एखादे नाव पुस्तकात असणे वेगळे आणि दर वर्षी मोठ्याने उच्चारले जाणे वेगळे. उच्चारलेल्या नावांची ही यादी ज्यांना कविता वाटत नाही, त्यांनी ती एकदा गर्दीत उभे राहून ऐकावी.

वर कोण, खाली कोण?

येथपर्यंत मी काव्याची थोरवी सांगितली. आता अवघड भाग. मूळ रहिवाशांच्या लढ्यांत काव्य पुष्कळदा दुसऱ्याच कोणी लिहिलेले असते.

मुळशीचा सत्याग्रह घ्या. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळातील शेतकरी १९२१ साली उभे राहिले आणि १९२४ पर्यंत झुंजले. धरणाविरुद्धचा असा संघटित लढा जगात फार थोड्या ठिकाणी त्याआधी झाला असेल. त्याचे सेनापती पांडुरंग महादेव बापट हे कवीही होते. लोकांत लढ्याची भावना जागवण्यासाठी त्यांनी पद्यरचना केली. त्यांचा त्याग निर्विवाद आहे, त्यासाठी त्यांनी तुरुंगवास भोगला. परंतु ते पारनेरचे, त्यांचे अनेक सहकारी पुण्याचे, आणि बुडणारी शेते मावळ्यांची. मुळशी म्हटले की आज आपल्याला बापट आठवतात. ज्या बायका धरणाच्या बांधावर जाऊन बसल्या, त्यांच्या तोंडच्या ओव्या कोणाच्या लक्षात आहेत?

ठाणे जिल्ह्यातील वारल्यांचा १९४५ चा उठाव गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात सांगितला. १९७० साली निघालेल्या या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वेठबिगारीतला माणूस प्रथमच ताठ उभा राहतो तो क्षण मराठी गद्यात असा दुसरा नाही. गोदावरीबाईंनी वारल्यांवर उपकार केल्याच्या सुरात ते लिहिले नाही, हे त्या पुस्तकाचे मोठेपण. तरीसुद्धा ते वारल्यांविषयीचे पुस्तक आहे. वारल्याने लिहिलेले नव्हे.

ही गोष्ट मराठीत सर्वांत स्पष्टपणे सांगितली ती वाहरू सोनवणे यांनी. ते भिल्ल समाजातले, १९७० नंतर शहाद्याच्या श्रमिक संघटनेत काम केलेले कार्यकर्ते. म्हणजे लढ्याबाहेर बसून टीका करणारे ते नव्हेत. १९८७ साली त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह आला. ‘स्टेज’ ही त्यांची कविता मराठीबाहेरही पोहोचली. तिचा प्रसंग साधा आहे. सभेत ज्यांचे दुःख आहे ते खाली, आणि ते दुःख त्यांनाच समजावून सांगणारे वर. ही कविता जमीनदाराविरुद्ध किंवा सरकारविरुद्ध नाही. ती आपल्याच बाजूच्या माणसांना उद्देशून आहे, म्हणून ती जास्त झोंबते. १९७९ साली भद्रावतीला पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले आणि १९९० साली पालघरला भरलेल्या संमेलनाचे अध्यक्ष वाहरू झाले. ज्या पालघर भागात वारली उठले होते, तेथेच एक आदिवासी कवी वरच्या खुर्चीवर बसला, याला मी योगायोगापेक्षा जास्त मानते.

हाच पेच जगात दुसरीकडे कसा सुटला, किंवा सोडवण्याचा प्रयत्न झाला, हे मेक्सिकोत दिसते. १ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिका व कॅनडाबरोबरचा मुक्त व्यापाराचा करार लागू झाला त्याच दिवशी, चियापास प्रांतातील माया वंशाच्या शेतकऱ्यांनी उठाव करून काही शहरे ताब्यात घेतली. हे झापातिस्ता. बारा दिवसांत लढाई थांबली आणि नंतरची अनेक वर्षे त्यांचे मुख्य हत्यार होते लेखन. त्यांचा प्रवक्ता मार्कोस जंगलातून पत्रके पाठवी, आणि त्या पत्रकांत मागण्यांबरोबर गोष्टी असत: म्हातारा अँतोनिओ नावाच्या इंडियन शेतकऱ्याने सांगितलेल्या जुन्या देवांच्या कथा, आणि स्वतःला शूर सरदार समजणाऱ्या दुरितो नावाच्या किड्याच्या करामती. राजकीय जाहीरनामा असा लिहिता येतो हे जगाने प्रथमच पाहिले. सरकारी निवेदनांपुढे ही पत्रके लोक आवडीने वाचत, आणि वाचणाऱ्यांमुळे सैन्याला मोकळेपणाने हात चालवता आला नाही.

पण मार्कोस स्वतः इंडियन नव्हता. तो शहरातून आलेला, विद्यापीठात शिकवलेला माणूस. म्हणजे वाहरूंचा प्रश्न तेथेही होताच. २८ मार्च २००१ रोजी झापातिस्तांना मेक्सिकोच्या संसदेत बोलण्याची संधी मिळाली, तेव्हा सगळ्यांना वाटत होते की मार्कोस बोलणार. तो आत गेला नाही. व्यासपीठावर गेली एस्तेर नावाची माया बाई, चेहरा झाकलेला, आणि तिने आपल्या लोकांची, त्यातही बायांची स्थिती सांगितली. त्यानंतर झालेला कायदा झापातिस्तांनी अपुरा म्हणून नाकारला, तेव्हा तिच्या भाषणाने सगळे मिळाले असे नाही. २०१४ साली मार्कोसने जाहीर केले की ‘मार्कोस’ ही व्यक्तिरेखा आता संपली. दुसऱ्यासाठी लिहिणाऱ्याने शेवटी काय करावे, याचे हे एक उत्तर आहे: बाजूला व्हावे.

आमच्या लढ्याचे काय?

आता उलव्याकडे परत येते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व रायगड (तेव्हाचा कुलाबा) जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादन करण्याचे ठरले. त्याविरुद्ध आणि योग्य मोबदल्यासाठी जो लढा झाला त्याचे नेते होते जासईचे दि. बा. पाटील. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात गोळीबार झाला. पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या बलिदानातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व आले. विमानतळाच्या गावांसाठी ते साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेले. १० जून २०२१ रोजी विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून मानवी साखळी झाली, २४ जूनला बेलापूरला सिडको भवनावर लोक जमले, आणि २०२२ साली राज्य विधिमंडळाने त्या नावाचा ठराव केला. पुन्हा नावाचाच लढा! ज्यांना नाव म्हणजे क्षुल्लक गोष्ट वाटते त्यांना हजारो माणसे रस्त्यावर का उभी राहतात, हे समजणार नाही.

या लढ्याचे टक्के आपल्याला तोंडपाठ आहेत. त्याचे काव्य मात्र हाती लागत नाही. आगरी-कोळी गाणी सगळ्या महाराष्ट्राच्या लग्नांत वाजतात. त्यांत दर्या येतो, होडी येते, एकवीरा आई येते, नटलेली नवरी येते. संपादनाची नोटीस सहसा येत नाही. खाडी बुजवली गेली त्याच काळात खाडीची गाणी सर्वाधिक खपली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. जग आमच्या चालीवर नाचले. आमचे म्हणणे काय ते त्याने विचारले नाही, आणि आम्हीही त्या चालीवर ते सांगितले नाही.

याला एक कारण भाषा आहे. आमच्या बोलीत ‘पाणी’ ‘पानी’ होते, ‘डोळा’ ‘डोला’ होतो, ‘घोडा’ ‘घोरा’ होतो, आणि ‘मला’ऐवजी ‘मना’ येते. शाळेत पहिल्या दिवसापासून आम्हांला कळते की हे चुकीचे आहे. मग लिहायची वेळ आली की आम्ही प्रमाण भाषेत लिहितो, आणि शेत, बांध, खांड, उघाडी हे शब्द त्या भाषेत पाहुण्यासारखे अवघडून बसतात. अर्थात आपल्या माणसांनी आपल्या हातात लेखणी घेतल्याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. अलिबाग तालुक्यातील चरीचा शेतकरी संप १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला; खोतांच्या जमिनी कुळांनी पडीक ठेवल्या. त्याचे नेते नारायण नागू पाटील यांनी संप चालू असतानाच १९३७ साली ‘कृषीवल’ हे पत्र काढले. दुसऱ्याच्या पत्रात आपली बातमी येण्याची वाट पाहिली नाही. ते गद्यात जमले, मग पद्यात का जमू नये?

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. मी वर ‘भूमिपुत्र’ या शब्दाचे कौतुक केले. आता त्याची दुसरी बाजू सांगते. त्या शब्दात ‘पुत्र’ आहे, कन्या नाही. आणि आमची गाणी तर बायांच्या तोंडी. लढ्याचा शब्द पुरुषांचा, लढ्याची चाल बायांची, आणि या दोहोंची गाठ नीट पडलीच नाही. शिवाय, भूमीचे पुत्र कोण? आगरी समाज शासनाच्या यादीत आदिवासी नाही. कातकरी आहेत, महाराष्ट्रातील कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून गणल्या जातात. पनवेल-उरणच्या कातकरी वाड्यांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या आमच्या बांधांवर राबली, वीटभट्ट्यांवर गेली, परत आली. त्यांच्यातील बहुतेकांच्या नावावर सातबारा नाही. ज्याच्या नावावर उतारा नाही तो खातेदार नाही, खातेदार नाही तो प्रकल्पग्रस्त नाही, आणि टक्क्यांचे कोणतेही तत्त्व त्याला लागू होत नाही. आमचे गाव उठले तेव्हा आम्हांला निदान कागद तरी मिळाला. चिरनेरच्या डोंगरावर नाग्या कातकरी पाटील-म्हात्र्यांच्या बरोबरीने होते. आमच्या शब्दात त्यांच्या वाडीला जागा आहे की नाही, हे आम्हीच ठरवायचे आहे. वाहरूंची ती कविता मी प्रथम वाचली तेव्हा मला वाटले होते की मी खाली बसलेल्यांतली आहे. नंतर लक्षात आले, की कातकरी वाडीतून पाहिले तर माझीही खुर्ची थोडी वरच आहे.

शेवटी एवढेच

कोणी म्हणेल, हे सगळे ठीक. पण गाण्याने भूखंड मिळतो का? नाही मिळत. साडेबारा टक्के मोर्च्यांनी मिळाले, विधिमंडळातल्या वादांनी मिळाले, आणि पाच माणसांच्या रक्ताने मिळाले. मुळशीचे धरण कवितेने थांबले नाही आणि उलव्याची टेकडीही थांबली नसती. काव्याकडून ती अपेक्षा करणे म्हणजे नांगराकडून बांध राखण्याची अपेक्षा करण्यासारखे आहे. भूखंड विकला जातो, त्याचे पैसे एका पिढीत संपतात. त्यानंतर ‘आपण कोण होतो आणि काय मागत होतो’ हे सांगणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे लोकांच्या तोंडी राहिलेले शब्द. ते शब्द आपले असले तर लढा आपला राहतो. दुसऱ्याचे असले तर आपण आपल्याच लढ्यातले श्रोते होतो.

म्हणून या अंकाच्या वाचकांना, विशेषतः पनवेल-उरणच्या गावांतून येथे येणाऱ्या माझ्या भावा-बहिणींना, एक विनंती. आपल्या घरी किंवा शेजारी धवले म्हणणारी बाई असेल तर या सुट्टीत तिच्याजवळ वही घेऊन बसा. ती म्हणेल तसे लिहा. ‘पानी’चे ‘पाणी’ करू नका. गाणे कोणत्या विधीचे, कोणाकडून शिकली, आणि मध्येच तिने स्वतःचे काही जोडले असेल तर ते कोणत्या साली आणि का, हेही विचारा. गावाच्या शेतांची, बांधांची, उघाड्यांची नावे वेगळ्या पानावर उतरवा. ज्यांच्या गावालगत कातकरी वाडी आहे त्यांनी तेथेही जावे, पण तेथली गाणी उतरवण्याआधी वाडीतला शाळेत जाणारा एखादा मुलगा किंवा मुलगी शोधावी आणि वही त्यांच्या हाती द्यावी. आपण शेजारी बसावे.

या वह्या मराठी विभागाच्या कपाटात ठेवता येतील. त्याला कोणाची परवानगी लागत नाही आणि पैसाही लागत नाही. माझ्या आजीने शेतांना दिलेल्या आवतणाचे पान मी लिहून ठेवले आहे. त्यातली चार नावे तिला आता आठवत नाहीत. ती शेते पाहिलेली दुसरी माणसे शोधणे, हे माझे पुढचे काम आहे.